रिकाम्या हातांची विचारपूस

एकदा एका नदीकाठच्या आश्रमातली गाय आजारी पडली. तिने वैरणीला तोंड लावणे सोडले, पोट फुगत गेले आणि गुरांचे डॉक्टर येईपर्यंत तिने प्राण सोडला. डॉक्टरांनी पोट उघडून पाहिले, तेव्हा आतून प्लास्टिकच्या पिशव्यांचा मोठा गोळा निघाला. गावातून फिरून आलेल्या त्या गाईला रोज संध्याकाळी हेमांगी नावाची शिष्या चारा घालीत असे. गाईचे मस्तक मांडीवर घेऊन ती कितीतरी वेळ बसून राहिली.

पुढे त्या दुःखाचा संताप झाला. आठवडी बाजाराच्या दिवशी ती बाजारात गेली, तेव्हा तुळसाक्का नावाची म्हातारी पातळ पिशवीत मेथीची जुडी घालून देत होती. हेमांगीने तिच्यापुढचा पिशव्यांचा गठ्ठा हिसकावला आणि सगळ्यांदेखत फाडला.

“आमची गाय मारलीत तुम्ही!”

भाजी टोपलीत भरून आक्का घरी गेली.

गुरुजींच्या कानावर हे आले. पण ते शिष्येला रागावले नाहीत. पुढच्या बाजाराला हेमांगीला घेऊन ते आक्काच्या दारी गेले, तिची समजूत घालून तिला बाजारात घेऊन आले आणि स्वतः तिच्या शेजारी गोणपाटावर बसले. गिऱ्हाइके येऊ लागली, तशी गुरुजींनी आपल्या हातांनी प्लास्टिकच्या पिशव्यांत भाजी घालून द्यायला सुरुवात केली.

हेमांगीचा डोळ्यांवर विश्वास बसेना. “गुरुजी, तुम्हीसुद्धा?”

“जरा बस, आणि ऐक,” ते म्हणाले.

पिशवी देताना ते प्रत्येकाला मायेने विचारीत होते, “घरून पिशवी नाही आणलीस का, बाळ?”

दवाखान्यातली परिचारिका म्हणाली, “रात्रपाळी करून परस्पर आले हो.” एक गवंडी म्हणाला, “कामावरून सुटलो. घरी जाऊन येईपर्यंत बाजार उठतो.” एका बाईच्या पिशवीत पोराचे ओले कपडे होते. एकजण हसून म्हणाला, “आळस, गुरुजी! दुसरं काय?”

ऊन चढले, गर्दी ओसरली. तेव्हा गुरुजी म्हणाले, “गाईसाठी माझाही जीव तुटला. पण तू फाडलेल्या गठ्ठ्याच्या जागी दुसरा आलाच ना? पिशवी घेणारा हात रिकामा का आहे, हे आपण कधी कुणाला विचारलंच नव्हतं. पिशवी दिली नाही, तर आक्काचं गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे जातं. तुझा राग खरा होता, बाळ. तो सोसायला मात्र तू सर्वांत दुबळं माणूस निवडलंस.”

हेमांगीने आक्कापुढे हात जोडले. आक्काने सरकून जागा करून दिली. “बस, पोरी. माझ्या दारातपण गाय होती.”

त्या संध्याकाळपासून आश्रमात जुन्या साड्या-धोतरांच्या पिशव्या शिवल्या जाऊ लागल्या. आक्काकडे येणारी माणसे त्या नेत आणि पुढच्या बाजाराला परत आणून देत. कित्येक पिशव्या परत येतच नसत. पातळ पिशव्याही बाजारातून गेल्या नव्हत्या.

“हे कधी संपेल, गुरुजी?” शिवता शिवता एकदा हेमांगीने विचारले.

“मला बघायला मिळणार नाही,” गुरुजी म्हणाले. “तुला कदाचित मिळेल. सुईत दोरा ओवून देतेस का? मला आता दिसत नाही.”

एका बाजाराला तो गवंडी नेलेली पिशवी घेऊन आला. पिशवी धुऊन घडी घातलेली होती आणि एका कोपऱ्याला लाल दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते.

“बटाट्यांच्या वजनानं उसवली होती,” तो ओशाळून म्हणाला. “मीच घातले टाके. दुसऱ्याची वस्तू, तशीच कशी परत करायची?”

हेमांगीने त्या टाक्यांवरून हळुवार बोट फिरवले. प्लास्टिकची पिशवी कुणी कधी शिवून वापरल्याचे तिला आठवेना. तिने मान वर करून त्या माणसाकडे पाहिले आणि कितीतरी दिवसांनी ती मोकळेपणाने हसली.