जत्रेतला गोरा साहेब

कुसवड्यात परदेशी सिनेमावाले आले आणि हौसाक्कांचं डोकं तापलं. अक्का गावच्या सरपंच. चार वर्षं जिल्हा परिषदेचे उंबरे झिजवून त्यांनी घरोघरी नळ आणले होते, आणि हा गोरा दिग्दर्शक म्हणत होता, नळांवर पोती टाका आणि शाळेच्या पोरींना फाटके कपडे घालून, डोक्यावर हंडे देऊन अनवाणी चालवा!

“ते का म्हणून?” अक्कांनी दुभाष्याला विचारलं.

“साहेब म्हणतात, त्याशिवाय हे भारतातलं गाव आहे, हे त्यांच्या प्रेक्षकांना पटणार नाही.”

अक्का तिथून तडक देवळात गेल्या आणि जत्रेतल्या नाटकाची पेटी उचलून घेऊन आल्या. तिच्यातून त्यांनी गोऱ्या साहेबाचं सोंग बाहेर काढलं. कसर लागलेली हॅट, चाबूक, तांबड्या मिशा आणि गालाला फासायचा लाल रंग.

“हे साहेबांना चढवा. शूटिंग संपेपर्यंत उतरवायचं नाही. आमच्या जत्रेत गोरा साहेब असाच असतो. त्याशिवाय हा खरा साहेब आहे, हे आमच्या गावाला पटायचं नाही.”

दुभाष्यानं चाचरत सांगितलं. साहेब असा लालबुंद झाला, की रंगाची गरजच उरली नाही.

“आमच्या देशात असला माणूस कुठे पाहिलात तुम्ही?” तो ओरडला.

“मी तुमचा देश बघितलेला नाही, म्हणून माझं चुकलं,” अक्का म्हणाल्या. “तुम्ही तर माझ्या नळासमोर उभं राहून पोती मागताय!”