ओलेत्या फेऱ्या

बायांनो, आमच्या हिरडोलीच्या तळ्याला अजून पायऱ्याही नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. महादेवाच्या देवळात गुरवांची म्हाळसाआत्या झाडलोट करायची. गावातलं दुखलंखुपलं शेकायचीही तीच. तिने निर्गुडीचा पाला वाफवून बांधला की दुखणं तिचं ऐकायचं, असं म्हणतात.

एका मार्गशीर्षात कुंभारांच्या आवडीला आमवाताने धरलं. सकाळी मूठ मिटेना, तान्ह्या लेकाला उचलता येईना. बिचारी नवस बोलली: एकवीस दिवस पहाटे तळ्यात बुडी मारून ओलेत्याने एकशे आठ प्रदक्षिणा घालीन. केवढी ती थंडी! नवव्या दिवशी गुडघे टम्म सुजले, ताप चढला, आणि असा दम लागला की ती खांबाला धरून उभी राहिली.

आत्याने तिला खाली बसवलं. "पुरे गं बाई. सांध्यातलं आता छातीकडे निघालंय."

सोबत आलेली सासू घाबरली. "नवस मोडला तर माझ्या नातवावर येईल!"

"सोड आत्या," आवडी उठू लागली, "पोरासाठी करते मी."

"आणि पोराला आई नको? बस गप. उरलेल्या फेऱ्या मी घालते, तुझ्या नावाने."

"दुसऱ्याच्या पायांनी नवस फिटतो होय?" सासूने विचारलं.

"नाही फिटला तर कोपू दे महादेवाला माझ्यावर. रोज आंघोळ घालते त्याला, एवढं ऐकेल की! तू भट्टीतली कोमट राख आण, पुरचुंडी बांधून हिचे गुडघे शेक."

साठीची आत्या ओलेत्याने फिरू लागली. तिच्या पदरातून गळणाऱ्या पाण्याची वाफ व्हायची, आणि तिच्या पावलांच्या ठशांवर पारवे ऊब घ्यायला बसायचे, असं म्हणतात. इकडे आवडी उन्हात बसून शेक घेई, पाला बांधी. सूज उतरत गेली. एकविसाव्या दिवशी शेवटची फेरी संपली तेव्हा आत्याचं लुगडं कोरडं ठणठणीत होतं, आणि आवडीने लेकाला कडेवर घेतलं होतं.

सगळंच गेलं असं नाही हो. दोन बोटं वाकडीच राहिली, चढावर धाप लागायची. पण त्याच बोटांनी तिने पुढे नातवंडांना भरवलं.

तेव्हापासून हिरडोलीत आजारी बाई ओलेत्याने फिरत नाही. ती उन्हात बसते आणि धडधाकट शेजारीण तिच्या फेऱ्या घालते. गुरव विचारतो, "कोणासाठी?" शेजारीण आजारी बाईचं नाव सांगते.

"आणि पाय कोणाचे?"

तेव्हा मात्र कुणी स्वतःचं नाव घेत नाही. म्हणायचं, "आत्याचे."