बँडवाला आणि भावाची हाक

एका गावात हैबती नावाचा एक बँडवाला होता. तो गावात आहे की नाही, हे कुणाला विचारावं लागत नसे. त्याचं साधं बोलणंही चार घरं पलीकडे ऐकू जाई. तो ट्रम्पेट वाजवायचा आणि त्याचा धाकटा भाऊ गेनू क्लॅरोनेट. आईबाप लवकर गेले, म्हणून गेनूला हैबतीनंच लहानाचा मोठा केला. गेनू मुखदुर्बळ. दिवसभरात त्याच्या तोंडून फार तर एक शब्द निघे, तो म्हणजे ‘दादा’.

एकदा वरात निघता निघता गेनूच्या हातातून क्लॅरोनेट गळून पडलं. तोंड वाकडं झालं, उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. लकव्याचा झटका होता. तालुक्याच्या दवाखान्यात लगोलग नेलं म्हणून जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, “वाचा परत येईल, पण आपल्या पावलानं, सावकाश येईल.”

त्या वॉर्डाच्या सगुणा सिस्टर मोठ्या शिस्तीच्या. करकरणाऱ्या दारांना त्यांनी तेल घालून घेतलं होतं. औषधांच्या गाडीला रबरी चाकं लावून घेतली होती. कुणाचा मोबाइल वाजला की त्या नुसत्या बघत, आणि तो माणूस आपोआप बाहेर जाई. रोज त्या गेनूजवळ बसत, पेला दाखवून हळूच म्हणत, “पाणी,” आणि मग वाट बघत. पुष्कळ वाट बघत. गेनूचे ओठ हलत, अडखळत, थांबत. सिस्टर मध्ये बोलत नसत.

पण दुपार झाली की हैबती यायचा. आजाऱ्याला भेटायला जितकी माणसं येतील तितका त्याचा मान मोठा, अशी गावची समजूत. म्हणून तो जीप भरून माणसं आणायचा. जो तो वाकून विचारी, “गेनू, वळखलं का मला? सांग बघू मी कोण!” गेनू ओठ उघडतो न उघडतो तोच हैबती गर्जे, “वळखलं, वळखलं! डोळ्यात बघा की त्याच्या!” दमून गेनू डोळे मिटून घेई. मग त्याला झोप लागली असं समजून मंडळी त्याच्या उशाशीच सोयरिकी जुळवत बसत.

सिस्टरांनी एकदा हैबतीला बाजूला घेतलं. “हैबतीराव, त्यांचे सगळे शब्द विखुरलेत. एकेक वेचून आणतात ते. तुमचा गलका झाला की हातात आलेलाही सांडतो.”

“अवो सिस्टर, आमी बँडवाली माणसं,” हैबती हसला. “गुपचूप बसलो तर आमालाच आजार व्हईल.”

मंडळी हसली. सिस्टर हसल्या नाहीत.

आणि एके दिवशी गेनूच्या तोंडून आवाज निघाला, “दा…” सिस्टर थांबल्या. पुन्हा, “दा…” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हैबतीला निरोप धाडला, “उद्या सकाळी एकटे या. नुसते जवळ बसा. ते तुम्हाला हाक मारायला बघताहेत.”

हैबतीचा आनंद पोटात मावेना. एकटंच जायचं, असं त्यानं खरंच ठरवलं होतं. पण संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला ही बातमी सांगून झाली, आणि मग उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! भावाला वाचा फुटायची आणि बँडवाल्याच्या घरचं वाजायचं नाही? गेनूच्या आवडीची चाल ऐकली की अडलेला शब्द बाहेर पडेल, असं त्याला मनापासून वाटलं. प्रेमापोटीच चुकला बिचारा.

सकाळी सिस्टरांनी गेनूला उशांच्या आधारानं बसवलं होतं. तो दाराकडे डोळे लावून होता. एकाएकी खिडकीबाहेर ढोलावर टिपरू पडलं, ताशे कडाडले, काचा थरथरल्या. गेनू दचकला, आक्रसला. चांगला हात त्यानं कानावर दाबून धरला. सिस्टर त्याला सावरत खिडकीकडे हातानं “थांबा, थांबा” करत राहिल्या. गेनूला खिडकीत भाऊ दिसला. त्याचे ओठ हलले. हैबती मात्र डोळे मिटून, गाल फुगवून ट्रम्पेट वाजवत होता.

चाल संपली. हैबती धावत आत आला. “बोल, गेन्या! आलो बघ मी!”

गेनूनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“आता बोलंल नव्हं?” हैबतीनं सिस्टरांना विचारलं.

“बोलले ते. ‘दादा’ म्हणाले. अगदी स्वच्छ म्हणाले. तुम्ही वाजवत होता.”

हैबतीनं हातातलं ट्रम्पेट दाराबाहेर नेऊन ठेवलं.

त्या दिवसापासून तो एकटाच येऊ लागला. चपला दाराबाहेर काढी, भावाचा हात हातात घेऊन गप्प बसे. गेनूला हळूहळू ‘पाणी’ आलं, ‘चहा’ आला, पुढे ‘उशी’सुद्धा आली. तो एक शब्द मात्र परत आला नाही. हैबती तासन् तास त्याच्या तोंडाशी कान नेऊन बसे, आणि गेनूच चांगल्या हातानं त्याची पाठ थोपटी. काही वर्षांनी गेनू गेला. हाक राहिली ती राहिलीच.

हैबती अजून बँड वाजवतो. पण तालुक्याला वरात त्या दवाखान्यापाशी आली की ट्रम्पेट खाली घेतो आणि सगळ्यांना हातानं गप्प करतो. वऱ्हाडी कुरकुरतात. तो त्या खिडकीकडे कान लावून मुकाट्यानं चालत राहतो.

तात्पर्य: ज्याची हाक ऐकायची असेल, त्याच्यापाशी आधी आपण गप्प बसावं; प्रेमानं केलेला गलकाही गलकाच असतो.