नाकतोड्याला हवं हिरवं गवत

एक होता नाकतोडा. एवढासा. हिरवागार. बागेतल्या गवतात राहायचा. हिरव्यात हिरवा. कुणाला दिसायचाच नाही.

एकदा उठून बघतो, तर गवत पिवळं! फांदीवर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "अय्या, दिसलास की रे! भूक लागली की येते हं."

नाकतोडा घाबरला. आता लपायचं कुठे?

"गवता गवता, हिरवं हो."

"नाही होत जा! माती मऊ होऊ दे, मग होईन."

गेला मातीकडे. टुण टुण टुण.

"माती माती, मऊ हो. गवत हिरवं होईना. मी लपू कुठे?"

"नाही होत जा! गांडूळ खणू दे, मग होईन."

गेला गांडुळाकडे. टुण टुण टुण.

"गांडुळा गांडुळा, माती खण. माती मऊ होईना, गवत हिरवं होईना. मी लपू कुठे?"

"नाही खणत जा! कोरड्या मातीत अंग खरचटतं. पाणी येऊ दे, मग खणेन."

गेला नळीकडे. टुण टुण टुण.

"नळी नळी, पाणी दे. गांडूळ खणेना, माती मऊ होईना, गवत हिरवं होईना. मी लपू कुठे?"

"नाही देत जा! माळीमामा नळ सोडू देत, मग देईन."

गेला माळीमामांकडे. टुण टुण टुण.

"मामा मामा, नळ सोडा. नळी पाणी देईना, गांडूळ खणेना, माती मऊ होईना, गवत हिरवं होईना. मी लपू कुठे?"

"नाही सोडत जा! ती निमी बघ. रोज गवत तुडवत घसरगुंडीकडे पळते. ओल्यात पळाली तर नुसता चिखल! ती वाटेने जाऊ दे, मग सोडेन."

तेवढ्यात निमी आलीच. तिचे बूट वाजत होते. चुईं चुईं चुईं.

"निमी निमी, वाटेने जा. मामा नळ सोडेनात, नळी पाणी देईना, गांडूळ खणेना, माती मऊ होईना, गवत हिरवं होईना. मी लपू कुठे?"

"नाही जात जा! वाट लांऽऽब आहे."

नाकतोड्याने मारली उडी. बसला वाटेवरच्या विटेवर.

"मग मला पकड बघू!"

नाकतोडा पुढे, टुण! निमी मागे, चुईं! पुढची वीट, टुण! चुईं! त्याच्या पुढची वीट, टुण! चुईं!

"अरे, घसरगुंडी आलीसुद्धा!" निमी म्हणाली. "उद्या पण असंच हं!"

मग काय!

निमी वाटेने गेली. ऊन उतरल्यावर मामांनी नळ सोडला. नळीने पाणी दिलं, झुळझुळ झुळझुळ. गांडुळाने माती खणली, वळवळ वळवळ. माती मऊ झाली, भुसभुस भुसभुस.

आणि गवत?

गवत म्हणालं, "थांब जरा. मला वेळ लागतो."

नाकतोडा विटांच्या फटीत बसून राहिला. एक दिवस. दोन दिवस. पुष्कळ दिवस.

एका सकाळी गवत हिरवं झालं! हिरवं आणि उंच. मामा कात्री घेऊन आले. कचकच कचकच.

"मामा, सगळं नका कापू!"

"घाबरू नको रे. शेंडेच कापतो. खालचं सगळं तुझं."

नाकतोडा शिरला गवतात. टुण.

निमी आली वाटेने. चुईं चुईं. वाकून बघितलं.

"नाकतोड्या, कुठे आहेस?"

"इथेच आहे."

"इथे म्हणजे कुठे?"

निमीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. हिरव्यात हिरवा, दिसलाच नाही.

गोष्टीचा नळ झाला बंद. शेवटचा थेंब तुमच्या हातावर, टप्प!