दुबईहून दीड तासात घरी!

"मधले तीन तास कुठे उडवलेस रे?" रणधुमाळ महाराज विमानातून उतरले ते ओरडतच!

खडकनगरच्या विमानतळावरचे हमाल सामान टाकून मागे सरले. पायलट भिवामामा तर विमानाच्या चाकामागेच लपला.

"जाताना दहाला निघालो, दुबईच्या घड्याळात साडेअकरा. दीड तास! येताना तिकडून बाराला निघालो, इथे साडेचार. साडेचार तास! ढगामागे विमान उभं करून झोपलास ना?"

विमानाच्या काचा पुसणारी केशर, म्हणजे भिवामामाची भाची, फडक्यासकट पुढे आली. "महाराज, दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. म्हणून जाताना वेळ कमी दिसतो, येताना जास्त. दोन्हीकडून लागतात तीनच तास!"

"गप गं! सूर्य एक, मग वेळा दोन कशा? उद्या पुन्हा जायचंय मला. येताना दीड तासात घरी आणलं नाही, तर तुझा मामा पायलट नाही. जन्मभर म्हशी धुवायच्या त्याने!"

मामा रडकुंडीला आला. केशर मात्र म्हणाली, "आणू की दीड तासात! फक्त उद्या इथल्या घड्याळांना हात लावायची परवानगी द्या."

"काचा संपल्या वाटतं? पूस, घड्याळंही पूस!"

दुसऱ्या दिवशी महाराज दुबईहून बाराला निघाले. इकडे केशरने विमानतळापासून राजवाड्यापर्यंत सगळी घड्याळं चक्क तीन तास मागे केली. महाराज उतरून बघतात तर दीड!

"बघा! दम भरला की विमान कसं पळतं!" महाराजांनी मिशीला पीळ दिला.

राजवाड्यात पोचले, तर पोटात नुसते कावळे! "थालीपीठ आणा!"

आता थालीपीठ पाचच्या ठोक्यालाच, हा नियम खुद्द महाराजांचा. आचारी चाचरत म्हणाला, "महाराज, आत्ताशी दोन वाजलेत..."

"दोन? ऊन उतरलं, आतडी पिळवटली, आणि म्हणे दोन! घड्याळ बिघडलंय. काटे पुढे करा!"

केशर लगेच स्टुलावर चढली. "करते की! पण मग तुम्ही दीडला नाही, साडेचारला उतरलात. विमान कालच्याइतकंच उडालं, महाराज. मी नुसते काटे फिरवले, तर तुम्ही मिशीला पीळ दिलात!"

मिशीकडे गेलेला हात महाराजांनी हळूच खाली घेतला.

"बोला लवकर, हात दुखतोय माझा! प्रवास दीड तासाचा हवा, तर थालीपीठ अजून तीन तासांनी. थालीपीठ आत्ता हवं, तर मामाने वेळ चोरला नाही हे कबूल करा!"

महाराजांनी घड्याळाकडे पाहिलं. मग पोटाकडे. आणि असे खदाखदा हसले की आचाऱ्याच्या हातातलं उलथनं पडलं.

"कबूल, बाई, कबूल! भिवाची नोकरी पक्की. फिरव ते काटे!"

तव्यावरचं पहिलं थालीपीठ, वर लोण्याचा गोळा, महाराजांनी स्वतः केशरच्या ताटात वाढलं. आणि हातातलं सोन्याचं कडं काढून तिला देऊन टाकलं!