घाटात न झिजणारा टायर

“दसऱ्याच्या आत टायर आण, नाहीतर वेशीवरचं दुकान उचल!” धामणखिंडीचे भुजंगराव सरकार गरजले, आणि धोंडूअण्णा पंक्चरवाल्याच्या हातातली पक्कड पायावर पडली.

टायर काय, बाजारात ढिगाने मिळतात. पण सरकारांना हवा होता तसा टायर अजून कुठल्या कारखान्याला सुचला नव्हता! कचेरीच्या डांबरी रस्त्यावर तो लोण्यासारखा पळावा. घाटातल्या चिखलाला घोरपडीसारखा चिकटावा. आणि वर घाटातल्या दगडांचा त्याला एक ओरखडाही उठू नये! दोन जोड्या चालणार नाहीत. एकच.

हत्ती कधीच गेला होता. संस्थानाची उरलीसुरली शान म्हणजे सरकारांची छोटी मोटारसायकल. आठवडाभर ते तिच्यावरून कचेरीत जात, दसऱ्याला तिच्यावरूनच सीमोल्लंघन करत, आणि रविवारी पहाटे एकटेच वाघखिंडीच्या घाटाकडे निघत. सोमवारी दरबारात त्याची कथा! “काल बिबट्या आडवा आला! वळणावर गाडी अशी आडवी घातली, की गुडघा जमिनीला टेकला!” दरबारी माना डोलवत. माना डोलवायचाच त्यांना पगार होता.

टायर गुळगुळीत झाले, तेव्हा दिवाणजींनी नवे आपल्या मेव्हण्याच्या शोरूममधून मागवले. वेशीवरच्या जागेवर त्या मेव्हण्याचा कधीचा डोळा! आधी आले गाठीगाठींचे घाटी टायर. डांबरावर ते असा भुंग आवाज करायला लागले, की गावातली झाडून सगळी कुत्री सरकारांच्या मागे. मग आले जाडजूड टायर. ते साखळीच्या झाकणालाच घासले, आणि सरकार कचेरीत गाडी ढकलत पोचले.

“दोष टायरचा नाही, सरकार,” दिवाणजी म्हणाले. “बसवणाऱ्या धोंडूचा आहे.”

म्हणून तो हुकूम.

अण्णा घरी येऊन मटकन बसले. “गोजरे, संपलं गं. असला टायर देवाच्या घरीसुद्धा नसेल.”

गोजरा त्यांची लेक. सरकारांची गाडी दर सोमवारी तिच्याकडेच धुवायला यायची. तिने कोपऱ्यात टाकलेले सरकारांचे जुने टायर ओढले आणि मांडीवर घेऊन बोट फिरवलं. मधोमध टायर पोळपाटासारखा सपाट झाला होता. आणि कडेला? कडेला नव्या टायरचे ते बारीक रबरी केस अजून ताठ उभे!

“अण्णा, वळणावर गाडी कलली की टायर कुठे घासतो?”

“कडेला. हे काय विचारणं झालं?”

“मग ह्याचे केस तीन वर्षांत झडले कसे नाहीत?”

अण्णांनी डोकं खाजवलं. गोजराला मात्र एकेक आठवायला लागलं. त्या गाडीवर चिखल म्हणून तिने कधी पाहिला नव्हता. टाकीवर असायचे ते लालभडक तेलकट थेंब, बेसन चोळल्याशिवाय न निघणारे! आणि घाटाच्या अलीकडे, सरळसोट हमरस्त्यावर, होतं वत्सलाबाईंचं मिसळीचं हॉटेल.

गोजरा अशी हसत सुटली, की अण्णांना वाटलं, पोरीला लागिरं झालं.

पण हसून भागणार नव्हतं. गप्प बसावं, तर दुकान जातं. खरं बोलावं, तर भर दरबारात सरकारांची अब्रू जाते, आणि मग दुकान राहतं होय?

खंडेनवमीला दरबार भरला. मोटारसायकल झेंडूचा हार घालून विटांवर उभी होती. चाकं होती, टायर नव्हते! गोजरा एका खांद्यावर जुना टायर आणि दुसऱ्यावर नवा अशी आत शिरली.

“सरकार, टायर सापडला!”

दिवाणजी पुढे झाले. “अगं, हा तर साधा रस्त्याचा! आधी होता तोच!”

“तोच, दिवाणजी. पारखून घेतलेला.” ती दरबाऱ्यांकडे वळली. “काय हो, सरकार दर रविवारी घाटात जातात ना?”

“जातात!” सगळे ओरडले.

“वळणावर गाडी आडवी घालतात ना?”

“घालतात!”

“मग बघा हा त्यांचा जुना टायर! मधे कचेरीचा रस्ता कसा उमटलाय. आणि कडा बघा. इतके रविवार, इतके बिबटे, इतके दगड, आणि एक केससुद्धा झडलेला नाही! सरकारांनी मागितला तो हाच की! घाट त्याला शिवत नाही!”

“वा! वा!” माना डोलल्या.

सरकारांच्या मिशा मात्र थरथरायला लागल्या. त्यांनी टायरकडे पाहिलं, गोजराकडे पाहिलं. गोजरा आपली छताकडे बघत उभी.

दिवाणजींच्या डोक्यात एकदम उजेड पडला. “पण सरकार! कडा घासल्याच नाहीत, म्हणजे तर…”

“म्हणजे काय, दिवाणजी?” गोजराने गोड आवाजात विचारलं. “बोला की! सरकार घाटात गेलेच नाहीत, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

दिवाणजी दोन पावलं मागे सरकले. “मी? छे छे! टायर… टायर उत्तम आहे!”

सरकार आधी खोकले. मग हसले. मग असे हसले, की फेटा सुटून गळ्यात आला.

“बसवा हाच टायर! आणि धोंडू, वेशीवरची जागा आजपासून तुझी. तिच्याकडे कुणी डोळा वर करून बघितलं, तर मला सांग! पोरी, तुला काय हवं?”

“फार नको, सरकार. येत्या रविवारी घाटातून येताना एक पार्सल आणा. तर्री तेवढी घट्ट बांधून घ्या, टाकीवर सांडते.”

दरबारी एकमेकांची तोंडं बघायला लागले. घाटात कसलं पार्सल?

“दोन आणतो!” डोळे पुसत सरकार ओरडले. “आणि पाव जास्तीचे!”