मुकिंदाचे नरम पाटे

लेक सासरी गेल्यापासून मुकिंदाच्या घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. आता ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, म्हणून त्यानं आपली जुनी पिकअप रज्जाकच्या गॅरेजात आणली.

"टायर मोठे घाल, पण गाडीखालचे स्प्रिंगचे पाटे नरम बसव, धक्के लागायला नकोत," तो म्हणाला. "यावेळी माल नाही, माझी लेक शेवंता आणायचीय."

तिथं आपली नवी गाडी धुवून घ्यायला आलेले ठेकेदार जालिंदरराव भडकले. "घाटाचा रस्ता मी केलाय, आरशासारखा! त्यावर हे लाड कशाला? माझी बदनामी करतोस होय रे?"

मुकिंदानं हात जोडले. "चुकलं, मालक. राहू दे हे काम. उद्याचा दिवस तुमची गाडी द्या, त्याच रस्त्यानं लेकीला घेऊन येतो."

"छे, छे! त्या खड्ड्यांतून? खालून घासून वाटोळं होईल गाडीचं!" जालिंदरराव बोलून गेले. गॅरेजातली माणसं तोंड फिरवून हसू लागली.

मुकिंदा हसला नाही. घाटाकडे बघत तो म्हणाला, "रज्जाक, पाटे नरमच बसव. मालकांची गाडी जिथनं जात नाही, तिथनं माझी लेक यायचीय."